गजाची एकशे वीस पावलं

तो अर्ज मी लिहिला. बाकीच्या शहाण्णव जणांनी त्यावर फक्त सह्या केल्या. आमच्या संकुलात आता तो विषय निघाला की लोक "सोसायटीचा निर्णय होता" असं म्हणतात आणि माझ्याकडे बघून गप्प होतात, जणू मला वाचवतायत. वाचवू नका. अक्षर माझं होतं. 'एका थोर खेळाडूचे नाव पायदळी तुडवले जात आहे' हे वाक्य मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा मनासारखं लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला होता. ज्याच्या मानासाठी ते लिहिलं, त्याला मात्र एका शब्दानं विचारलं नव्हतं.

आमच्या फाटकाबाहेर, शहाड स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, फुटपाथमध्ये एक काळा दगड बसवलेला होता. दीड हात लांब, हातभर रुंद, आजूबाजूच्या पेव्हर ब्लॉकच्या पातळीला अगदी सपाट. त्यावर कोरलेलं होतं: 'इथे गोल होता. गजानन केणे या शेतात अनवाणी खेळला आणि इथून देशभर खेळायला गेला.' एवढंच. चित्र नाही, कुणा पुढाऱ्याचं नाव नाही. गजाच्या जुन्या संघातल्या गावकऱ्यांनी रीतसर परवानगी काढून तो बसवला होता. गजा गोव्याच्या एका क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून नऊ मोसम फुटबॉल खेळला. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा गावी परत आला. ज्या शेतात तो खेळायला शिकला, ते पुढे त्याच्या घरच्यांनी विकलं आणि त्यावर सात मजली इमारती आल्या. त्यातल्याच एकीत, तिसऱ्या मजल्यावर, मी राहतो. खिडकीतून खाली पाहिलं की तो दगड दिसायचा.

आणि त्यावरून चालणारे पाय दिसायचे. चपला, बूट, गमबूट. कुणी त्यावर स्कूटर उभी करायचं, कुणी भाजीची पाटी टेकवायचं. मला ते बघवायचं नाही. सकाळी दूध आणायला जाताना मी दगडाला वळसा घालायचो, वाकून त्याला बोटं लावायचो आणि ती छातीला लावायचो. या नमस्काराचं मला फार कौतुक होतं, हेही सांगून टाकतो.

आमच्या सोसायटीचे सचिव सावंत यांनी मला एकदा वाकताना पाहिलं. त्यांना फाटकासमोर गाड्यांसाठी उतार करून हवा होता आणि दगड नेमका त्या उताराच्या वाटेत येत होता. "तुम्ही भाषेचे माणूस," ते मला म्हणाले. "दगड आत घ्यायचा अर्ज असा लिहा की कुणाला नाही म्हणताच येणार नाही." गणपतीचा अहवाल आणि पाण्याच्या तक्रारी मीच लिहितो. मी लिहिलं. कुणाला नाही म्हणता आलं नाही. दगड उचलला आणि आत, मीटरच्या खोलीशेजारच्या भिंतीवर, लिफ्ट बंद असल्याच्या सूचनेच्या बाजूला चार स्क्रूंनी बसवला. पहिल्या दिवशी त्याला झेंडूचा हार घातला. तोही मीच.

*

मार्गशीर्ष लागला की कल्याणच्या बाजारात पेंढ्याचे ट्रक येतात. उघड्या ट्रकातून काड्या उडत राहतात, डांबरावर पडतात, रिक्षांच्या चाकांना चिकटतात. त्या वासानं मी अजून भर रस्त्यात थांबतो. मागचा रिक्षावाला ओरडतो, मी बाजूला होतो, पण तोवर मी दहावीत गेलेलो असतो.

भात कापून झालं की आमचा मोसम सुरू व्हायचा. कल्याणच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं. वडील कारकून, गाव देशावर. अभ्यासाला जागा म्हणून मी सायकलवर दप्तर लावून वर्गमित्राच्या, गजाच्या, शेतावर यायचो. विहिरीच्या कठड्यापाशी सावली असायची, तिथे बसायचो. फुकट नव्हतं ते. बदल्यात विहिरीकडे येणारा बॉल अडवायचं काम माझ्याकडे होतं. पोरं मला विहिरीचा गोलकीपर म्हणायची.

कापलेल्या भाताची धसकटं चार बोटं उभी राहतात. विळा तिरका लागतो म्हणून प्रत्येकाला टोक असतं. त्यावर ती पोरं अनवाणी धावायची. पहिले आठ दिवस संध्याकाळी सगळे बांधावर बसून तळव्यातले काटे काढायचे, बाभळीच्या काट्यानं. मग हळूहळू धसकटं दबायची, पण सगळीकडे सारखी नाही. दोन्ही गोलांसमोर आधी, मग मधोमध एक पट्टा. पौषात शेताकडे नुसतं पाहून कळायचं की खेळ कुठून कुठे जातो. उजव्या कडेला एक एकट्याची वाट पडलेली असायची, एकच माणूस चालेल एवढी, शेवटी आत वळलेली. ती गजाची. रात्रभर दव पडायचं आणि सकाळी त्या वाटेतली दबलेली काडी ओली, गडद दिसायची. बाकी शेत भुरं.

गोलाचे खांब शेवग्याच्या फांद्यांचे होते. पुरल्यावर महिन्याभरात डावा खांब फुटला. कोवळा पाला आला, झुबक्यानं. गजाची आई रोज येऊन पाला खुडून न्यायची, भाजीला. एकदा ती खुडत असतानाच बॉल तिच्या कमरेवर बसला. ती म्हणाली, "गोल जाला का नाय ते आदी सांगा, मंग मारते एकेकाला."

सुरुवातीला गोल विहिरीच्या फारच जवळ होता. तीन बॉल विहिरीत गेल्यावर गजाचा बाप विळा हातात घेऊनच आला. गोल लांब न्या म्हणाला. किती लांब, यावर भांडण. तेव्हा गजा कठड्याला टाच लावून उभा राहिला आणि पावलाला पाऊल जोडत, मोठ्यानं मोजत निघाला. एकशे वीसला बाप म्हणाला, "बास. हितं." तिथे शेवगा पुरला. त्यानंतर एकही बॉल विहिरीत गेला नाही, पण माझं कठड्यावरचं पद कायम राहिलं.

चार वाजता कारखान्याचा भोंगा व्हायचा. नदीच्या बाजूनं थंडी यायला लागायची. भाताच्या उडव्यावर, रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगावर, कपडे टाकलेले असायचे, त्यात उंदरं शिरायची. वालाच्या वेलांना पांढरी फुलं. मी पुस्तकातून मान वर करायचो तेव्हा गजा पळताना दिसायचा. पळताना तो खाली बघायचा नाही. पायांना सगळं ठाऊक असल्यासारखा. मला हेवा वाटायचा आणि त्या हेव्याला मी तेव्हा शहाणपण म्हणायचो.

*

या मार्गशीर्षात, थंडीच्या एका सकाळी, मी दूध घेऊन परत येत होतो. फाटकाबाहेर गजा उभा होता. हातात काठी, शेजारी त्याची बायको, सुमनवहिनी. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. तो फुटपाथातल्या एका चौकोनाकडे बघत होता. चौकोनात वाळू होती.

"अवी, दगड चोरला रे कोनीतरी," तो म्हणाला.

"चोरला नाही. आत लावलाय, भिंतीवर. चल, दाखवतो." माझ्या आवाजात आनंद होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तो आत आला, एकेक पाऊल टाकत. भिंतीसमोर उभा राहिला. दगड वाचला, मग शेजारची लिफ्टची सूचनाही वाचली. हार वाळला होता.

"कोनाच्या डोक्यातून आला ह्यो?"

"माझ्या."

"मना विचारलास?"

"अरे, लोक पाय देत होते तुझ्या नावावर. चपला घालून."

"मंग?"

मी शहाण्णव सह्यांचं सांगितलं.

"दगडावर काय लिवलाय? इथे गोल होता," गजा म्हणाला. "हितं होता का गोल? हितं आमचा वालाचा वाफा होता."

सुमनवहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, डाक्टरनी ह्यांना चालायला सांगितलाय. घरापासून दगडापरत जायाचा आनि मागं यायाचा, असा ह्यांनीच ठरवला. दोन महिने पलंगावर पडून त्योच एक जप चाललाता. आज पयल्यांदा आलो."

गजानं तिला हातानं थांबवलं. त्याला कीव नको होती, कधीच नको असते. "मी काय मेलोय का भिंतीवर लावायला? हारबीर घालून? अरे, माझा सगला आयुष्य पायानी केलेला हाय. बॉल पायाखाली, माती पायाखाली. मंग नावच तेवढा वर टांगून काय करू? पोरं जातात, बाया जातात, मानसा जातात, त्यांचे पाय लागूदेत. मैदान होता तो."

तो वळला. फाटकापाशी थांबून, मागे न बघता म्हणाला, "तू तवा पन असाच होतास. पुस्तकाच्या वेलेला."

*

पुस्तकाच्या वेळेला. मी ते विसरलो नव्हतो. फक्त त्यात माझी काही चूक होती, हे मला चाळीसएक वर्षं ठाऊक नव्हतं.

माघ असेल. परीक्षा महिन्यावर आली होती. मी कठड्याखाली बीजगणिताचं पुस्तक मातीवर उघडं ठेवून वहीत गणित सोडवत होतो. बॉल आला, त्याच्यामागे गजा आला आणि त्याचा डावा पाय पुस्तकावर पडला. तळव्याला धसकट लागलेलं होतं. पानावर रक्ताचा ठसा उमटला, टाच सोडून. बोटं स्पष्ट.

"पाया पड पुस्तकाच्या," मी म्हणालो.

तो हसला. "लागला रे चुकून. पूस की."

"पाया पड म्हणतोय ना. विद्या आहे ती."

"आनि ह्यो काय हाय?" त्यानं तोच पाय वर करून दाखवला.

पोरं हसली. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "पाय खालीच असतात, गज्या. पोट डोक्यानं भरतं."

गजाही त्या वर्षी माझ्याबरोबर परीक्षेला बसणार होता. आणि एक गोष्ट त्यानं फक्त मला सांगितलेली होती. मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाची निवड चाचणी बीजगणिताच्या पेपराच्याच दिवशी होती. आठ दिवस तो ते एकट्यानं वागवत होता, आणि विश्वासाचा म्हणून मला सांगितलं होतं. ते माहीत असताना मी हे वाक्य म्हणालो. सगळ्यांसमोर.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गावी परतताना तो आमच्या चाळीत आला, नेहमीसारखा, पाणी मागायला. मी आईला ठसा उमटलेलं पान दाखवलं. आई रागावणारी नव्हती. ती मऊ आवाजात म्हणाली, "बाळ, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावा रे." आईला तो नाही म्हणू शकला नाही. शेजारची माणसं दारात उभी होती. गजानं पुस्तक जमिनीवर ठेवलं, गुडघे टेकले आणि कपाळ लावलं. उठला तेव्हा माझ्याकडे बघत होता. पाणी तसंच ठेवून गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

फाल्गुनात पुढच्या पेरणीसाठी राब भाजायला लागतात. शेतात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवतात. तो धूर लागला की आमचा मोसम संपायचा. त्या वर्षी त्या धुरातूनच मी बीजगणिताच्या पेपराला गेलो आणि गजा चाचणीला गेला. त्याची परीक्षा बुडाली. गाव म्हणालं, पोरगा वाया गेला. मीही म्हणालो. मला पासष्ट टक्के पडले आणि चाळीत पेढे वाटले. पुढे वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायला लागला तेव्हा मी ते कापून ठेवायचो आणि ऑफिसात दाखवायचो, 'आमच्या वर्गातला' म्हणून.

*

आपण मोठी माणसं भेटली की त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो. लग्नात जावयाचे पाय धुतो. देवळात दगडात कोरलेल्या पावलांवर फुलं वाहतो. आणि दुसऱ्याचा पाय चुकून आपल्याला लागला की अंग चोरतो. या दोन्ही गोष्टी मी आयुष्यभर केल्या आणि दोन्ही वेळा मला आपण संस्कारी आहोत असंच वाटलं. ज्या पायानं काम केलंय, त्याला कुठल्या बाजूला ठेवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. असं लिहून मी आईवर ढकलतो की काय? नाही. आईनं नमस्कार करायला सांगितलं, करून घेतला मी. अर्जाला सावंतांचा उतार कारण होता, पण लेखणी माझ्या हातात होती.

गजा रागावून परतला त्याच आठवड्यात सगळ्या फुटपाथचे ब्लॉक निघाले. नवं काँक्रीट पडायचं होतं. खाली काळी माती उघडी झाली. इतक्या वर्षांनी. तिला तोच वास होता, थंडीतल्या ओल्या धसकटांचा. मी वाकून मूठभर हातात घेतली तर मुकादम म्हणाला, "साहेब, सोमवारी काँक्रीट पडणार. मग काय बी टाकायचं असेल तर फोडून देणार नाय कोण." वाळूचा चौकोन कधीच गेला होता. जागा कुठली, ते आता मातीवरून सांगता येत नव्हतं. सोमवारनंतर ती कधीच सांगता येणार नव्हती.

मी सावंतांकडे गेलो. दगड परत लावायचा म्हणालो.

"साहेब, तुमच्याच अक्षरात अर्ज आहे आमच्याकडे."

"माहीत आहे. मी चुकीचं लिहिलं."

"शहाण्णव लोकांनी सह्या केल्यात. ते पण चुकीचे का?"

"त्यांचं ते बघतील. माझं मी बघतोय."

"आणि माझा रॅम्प?"

"दगड सपाट आहे. त्यावरून गाडीसुद्धा जाईल. गजाची हरकत नाही."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. दगड बसवायची मूळ परवानगी रद्द झालीच नव्हती, हे मी तोवर वॉर्ड ऑफिसात जाऊन पाहून आलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा कागद कुणाला अडवण्यासाठी नाही, तर वाट काढण्यासाठी वाचला होता.

शनिवारी गजाच्या घरी गेलो. तो ओटीवर पाय लांब करून बसला होता. म्हणालो, "उद्या दगड परत लावतोय. जागा दाखवायला ये." तो गुडघे चोळत राहिला. वहिनींनी चहा आणला. आम्ही तो प्यालो. मी निघालो तेव्हा गजा म्हणाला, "किती वाजता?"

*

रविवारी सकाळी मी भिंतीवरचे चारही स्क्रू काढले. वॉचमन मदतीला येईना. त्याची नोकरी होती, बरोबरच होतं त्याचं. दगड मला एकट्याला पेलवत नव्हता. सुमनवहिनींनी पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. "मी भाताचे भारे वाहिलेत, भावजी. तुमी तुमची बाजू सांबाला." आम्ही दोघांनी तो फाटकाबाहेर आणला. सावंत आणि आणखी दहाबारा जण जमले. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती.

विहीर अजून आहे. संकुलाच्या बागेत, वर लोखंडी जाळी टाकलेली. गजा कठड्याला टाच लावून उभा राहिला आणि पावलाला पाऊल जोडायला लागला. नवे गुडघे तसे वळत नव्हते. एका पावलात चार बोटं अंतर सुटायचं, दुसऱ्यात पाऊल पावलावर चढायचं. अकराव्याला काठी सरकली. वहिनींनी दंड धरला म्हणून बरं.

"अहो, अंदाजे लावा ना," सावंत म्हणाले. "फूटभर इकडे, फूटभर तिकडे. काय फरक पडतो?"

"फूटभर तिकडं तं बॉल बाहेर जातो, साहेब," गजा म्हणाला. मग दम घेऊन, "पाय आखडलाय माझा. गोल तिथंच हाय."

माझ्या पाकिटात त्या अर्जाची प्रत होती, सह्यांसकट. सावंतांना दाखवायला आणली होती. ती मी कठड्याशेजारच्या फरशीवर पसरली, लिहिलेली बाजू वर करून, आणि पेन काढून खाली बसलो.

"गजा, पाय ठेव."

"लिवलेला कागद हाय ह्यो."

"माझंच अक्षर आहे. ठेव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चाळीत कपाळ टेकून उठल्यावर पाहिलं होतं, तसंच. मग चप्पल काढली आणि डावा पाय कागदावर ठेवला, पूर्ण वजन देऊन. मी पेन टाचेपासून फिरवत आणलं. करंगळी आत वळलेली होती. घोट्याखाली टाक्यांची खूण. अंगठ्याच्या मुळाशी धसकटाचा जुना पांढरा व्रण होता, तो मी ओळखला. पेन बोटांच्या फटींतून जाताना त्याला गुदगुल्या झाल्या. तो हसला आणि म्हणाला, "सोलाव्या वर्सापासून एवढाच हाय. वाडलाच नाय."

मुकादमाकडून पाती घेऊन मी तो आकार कापला. माझ्या त्या आवडत्या वाक्यातलं 'थोर खेळाडूचे' एवढंच त्यावर उरलं होतं, बाकीचं कडेला गेलं. मग मी गुडघ्यांवर बसलो, कागदाची टाच कठड्याला लावली, अंगठ्यापाशी बोट टेकवलं, कागद उचलून बोटापुढे ठेवला. एक. वहिनी मोजत होत्या. बागेच्या फरशीवरून, गाड्यांच्या मधून, फाटकाच्या लोखंडी पट्टीवरून. चाळिसाव्याला माझी पँट फाटली. सत्तराव्याला वरून कुणीतरी म्हणालं, "काय चाललंय हे?" मी मान वर केली नाही. ज्यांना विचारायचं होतं त्यांनी खाली येऊन विचारावं. शंभराच्या पुढे गजाही मोजायला लागला, त्याच्या बापासारखं, जरबेनं. एकशे वीसला कागद उघड्या काळ्या मातीवर होता, रस्त्याच्या कडेपासून तीन हातांवर.

"बास," गजा म्हणाला. "हितं."

मुकादमानं दगड तिथेच बसवला. सोमवारी त्याच्या चारी बाजूंनी काँक्रीट पडलं. सावंत माझ्याशी अजून बोलत नाहीत. गणपतीचा अहवाल पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगतील, सांगोत. ज्यांना त्या नावावर पाय देववत नाही त्यांनी खुशाल वळसा घालावा. फुटपाथ रुंद आहे. पण दगड हलणार नाही. तो हलवायला कुणी नवा अर्ज लिहिलाच, तर मी तिथे बसून राहीन आणि आतल्या भिंतीच्या जागी कधीकाळी वाल होता, गोल नव्हता, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहीन.

काँक्रीट ओलं असेतोवर दगडावर फळी होती. ती निघाली त्या सकाळी गजा चालत आला. घरापासून दगडापर्यंत. तो दोन्ही पायांनी त्यावर उभा राहिला, चपला घालून, थोडा वेळ. त्यानं मैदानाकडे पाहिलं, म्हणजे आमच्या इमारतीकडे. मग उतरला.

"ये," मला म्हणाला.

मी सवयीनं चप्पल काढली.

"घाल चप्पल."

मी घातली. एक पाय ठेवला, दुसरा ठेवला. माझा उजवा हात आपोआप खाली, दगडाकडे निघाला. गजाची काठी मनगटाला लागली, हलकेच.

"हात वर घे. सरल उबा ऱ्हा."

मी सरळ उभा राहिलो. त्याचं सगळं नाव माझ्या पायांखाली होतं. माणसं आमच्या बाजूनं जात होती, एक बाई पिशवी सावरत दगडाच्या कडेवर पाय देऊन गेली. मला नमस्कार करता येत नव्हता. लिहून देता येण्यासारखंही काही नव्हतं. तेव्हा मी तोंडानं म्हणालो, त्याच्या डोळ्यांत बघत, वहिनींना आणि रस्त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

"गजा, तुझा पाय पुस्तकाला लागला तेव्हा मी तुला वाकायला लावलं. तुझ्या पायांना मी खालचं समजलो. परवा तुला न विचारता तुझं नाव उचललं, तेव्हाही तेच समजलो होतो. माझं चुकलं. मला माफ कर."